बेंदूर कुठल्या रकान्यात लिहू?

माझं अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि जोडाक्षर आलं की हात अडखळतो. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लेक शिकायला लागली, तिची पुस्तकं वाचत वाचत जेवढं आलं तेवढं आलं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण कुणाच्या हाती लागलंच तर चुकांबद्दल माफ करा आणि माणूस तेवढा बघा. माणूस मी नीट बघितलेला आहे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून मी बघत बसते.

त्याचं नाव शैलेश. तोंडावर मी त्याला सर म्हणत होते, अहो-जाहो करत होते. इथे करणार नाही.

त्याच्यासमोर 'परवा' म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच आठवड्यात आमची मंगल त्याच्या टेबलाशी जाऊन म्हणाली, "सर, परवा माझी हजेरी लागली न्हाई."

"परवा म्हणजे?"

"परवा म्हंजी परवा."

"मागचा की पुढचा?"

"आवं सर, पुढल्या परवाची हजेरी आत्ताच कशी लागंल?"

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. तो हसला नाही. त्याने संगणकावरची बोटं उचलली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "अंदाज नको, आकडा द्या." मंगलने बोटांवर मोजून तारीख सांगितली, तेव्हा हात परत वर गेले. त्या दिवसापासून बायका त्याला पाठीमागे परवासाहेब म्हणायला लागल्या. "परवासाहेब आलं का गं?" "आलं की. मागलं का पुढलं, इचार जा."

शिरवळला हायवेला लागून आमचं युनिट आहे. मसाल्याची पाकिटं भरायची. भरणाऱ्या सगळ्या बायका, कुणी शिरवळच्या, कुणी लोणंदहून वडापच्या जीपने येणाऱ्या, आणि माझ्यासारख्या काही जत तालुक्यातून पोटासाठी इकडे आलेल्या. माझ्या माहेरी मेंढरं. नवरा ट्रकवर होता, तो गेल्यावर मी लेकीला घेऊन इथे खोली केली. मी पाकिटांवर नाही, ऑफिसात असते. झाडलोट, चहा, डबे गरम करून देणं. चहाच्या खोलीला आणि त्याच्या टेबलाला मधे एक प्लायवूडची भिंत होती. तिच्यातून सगळं ऐकू यायचं. मी मुद्दाम ऐकत नव्हते, पण कानांना झाकण नसतं.

आधी हजेरी वहीत लिहायचे. मग एका मोठ्या कंपनीने आमचा मसाला घ्यायचं कबूल केलं, आणि त्यांची माणसं येऊन आमचे कागद तपासणार असं ठरलं. मालक म्हणाले, सगळं संगणकावर घ्या. त्यासाठी हा आला. घर सांगलीला, शिक्षण पुण्याला, वय तिशीच्या आतलं. त्याने एक पान बनवलं. ते पान हॉलमधल्या टीव्हीवर दिवसभर दिसायचं. त्यावर नाव, हजेरी, रजा, जन्मतारीख आणि पगाराची चिठ्ठी निघाली की नाही ते.

त्याचं जे चांगलं होतं तेही लिहिते, नाहीतर कुणी म्हणेल ही बाई नुसती जळते. कुणा बाईकडे त्याने कधी वाकडी नजर टाकली नाही. चहा वेळेच्या आधी मागितला नाही. बघावं न लागता बोटं चालायची, ज्वारीवर पाऊस पडावा तशी टपटप. त्याच्या मनगटावर तारखेचं घड्याळ होतं. तीस दिवसांचा महिना संपला की ते घड्याळ एकतीस दाखवायचं. मग एक तारखेला सकाळी तो खुर्चीत ताठ बसायचा, घड्याळाची किल्ली ओढायचा आणि तारीख पुढे सरकवायचा. एवढं मन लावून कुणाला देवपूजा करतानाही मी बघितलेलं नाही. ते झालं की माझ्याकडे न बघता म्हणायचा, "आता चहा."

मला तो मावशी म्हणायचा. मी काही एवढी म्हातारी नाही.

पान सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये गलका झाला. मंगलने पुतण्याच्या लग्नाला एप्रिलच्या आठ तारखेला रजा काढली होती. टीव्हीवर तिच्या नावापुढे चार-आठ आलं.

"सर, आठवा म्हैना अजून उजाडायचाय," मंगल म्हणाली. "मी ऑगस्टातली रजा एप्रिलात कशी खाल्ली?"

दुसरी म्हणाली, "तुजं बरं हाय की. माजं बग. चार-पंचवीस लिवलंय. पंचविसावा म्हैना कुठं असतो गं?"

"जतंला असतोय," मंगल माझ्याकडे बघून ओरडली. "आक्का, तुमच्याकडं पाऊस त्याच म्हैन्यात येतो न्हवं?"

मीसुद्धा हसले. तो मात्र लाल झाला. म्हणाला, "आत साठवलेली तारीख बरोबर आहे. दाखवताना महिना आधी आला, एवढंच." मग का कोण जाणे, चहा घेताना त्याने मला समजावून सांगितलं. बहुतेक कुणाला तरी सांगायचं होतं आणि मी उलट बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. संगणकाच्या पोटात तारीख वेगळ्या पद्धतीने ठेवतात. वर्ष आधी, मग महिना, शेवटी दिवस. तशी ठेवली की जुनी आधी, नवी नंतर अशा तारखा आपोआप ओळीत बसतात. पण माणसाला दाखवताना ती फिरवून दाखवायची, आपल्याकडे दिवस आधी, परदेशात महिना आधी. पान बनवताना फिरवायचं राहिलं तर तारीख परदेशी होते. "साठवायची वेगळी असते, मावशी, आणि दाखवायची वेगळी," तो म्हणाला. हे वाक्य तो पुढे ऊठसूट म्हणायचा.

ते मला पटलं. घरात दाणे डब्यात ठेवतो आणि ताटात वेगळे वाढतो, तसंच. दुपारपर्यंत त्याने तारखा सरळ केल्या. पण मंगलची एक दिवसाची मजुरी त्या गोंधळात कापली गेली होती, ती पुढच्या पगारात घालीन म्हणाला. चुकलं असं म्हणाला नाही. तो शब्द त्याच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही.

मग जन्मतारखा आल्या. सगळ्यांची आधार कार्डं गोळा केली, त्यातल्या तारखा त्याने पानावर चढवल्या, आणि टीव्हीकडे बघून तो उभाच राहिला. वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून, एक जून. वर्ष तेवढं वेगळं. मधूनच एखादी दुसरी तारीख, की खाली परत एक जून.

त्याला वाटलं संगणकच बिघडला. रकाना रिकामा राहिला तर संगणक आपल्या मनानेच एखादी ठरलेली तारीख तिथे दाखवतो, असं काही असतं म्हणे. तो दिवसभर ते शोधत होता. जेवला नाही. संध्याकाळी फाटकावरचे सुभेदार आबा चहा प्यायला आले. आबा साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले, मिशा अजून ड्यूटीवर असल्यासारख्या. त्यांनी विचारलं, "सर, कसलं टेन्शन?"

"सगळ्यांची जन्मतारीख एकच कशी येते तेच कळत नाही."

आबा मोठ्याने हसले. "आवं, मग येनारच की! शाळंत घालताना गुरुजी इचारायचं, जल्मतारीख सांगा. आई म्हनायची, ठावं न्हाई. मग गुरुजीच लिवायचं, एक जून. माजी बी तीच. फौजेत त्याच तारखंवर भरती झालो, त्याच तारखंवर पेन्शन घेतोय."

मला वाटलं आता तो हसेल. त्याचा चेहरा असा झाला की जणू आबांनी त्याला शिवी दिली.

"म्हणजे खोटी," तो म्हणाला.

"खोटी कशी? सरकारनं मानलीया."

"खोटी आहे, सुभेदार. माझ्या पानावर खोटी तारीख दिसणार नाही."

आणि दिसली नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ज्यांची ज्यांची एक जून, त्यांच्या नावापुढे नुसती रेघ. पोटात तारीख होती, पण दाखवायची नाही, असं त्याने त्या पानाला सांगून ठेवलं. आणि जन्मतारखेपुढे रेघ असली की पगाराची चिठ्ठी निघायची नाही. मालकांनीही त्याला अडवलं नाही. त्यांच्या डोक्यात ती मोठी कंपनी होती. "एकदा रेकॉर्ड शुद्ध होऊ दे," म्हणाले, आणि तोवर सगळ्यांना निम्मी उचल द्यायला सांगितली. निम्मी.

खरी तारीख सांगा आणि पुरावा आणा, असं सांगून त्याने एकेकीला बोलावलं. मी प्लायवूडच्या अलीकडून ऐकत होते.

लोणंदची एक म्हातारी होती. ती म्हणाली, "बेंदूर झाला, त्याच्या दुसऱ्या दिशी म्या झाले. आई म्हनायची, बैलांच्या शिंगांचा रंग बी वाळला नव्हता."

"बेंदूर कुठल्या रकान्यात लिहू, आजी?"

"मला काय ठावं बाबा. तूच बग कुठं बसतोय."

"बसत नाही. पुढची."

मंगल गेली. "शेजारच्या सकूची आन् माजी एकाच टायमाला. तिला इचारा."

"सकूची तारीख काय?"

"एक जून."

तेव्हा मात्र सगळा हॉल फुटला. त्याने टेबलावर हात आपटला. "हसायला काय झालं? स्वतःचा जन्म कधी झाला ते माहीत नाही आणि हसता?"

हसणं थांबलं. मंगल थांबली नाही. ती टेबलावर दोन्ही हात टेकून वाकली आणि म्हणाली, "सर, माजा जल्म झाला तवा मी लय ल्हान होते."

माझी पाळी आली तेव्हा मी पदर धरून उभी राहिले. मला आईने सांगितलेलं होतं. दिवाळी करून मेंढरं कृष्णाकाठाकडे निघाली होती, वाटेत तासगावच्या अलीकडे आई एका बाभळीखाली बाळंत झाली. बाबांनी तिथेच मेंढरांचं खांडं थांबवलं, आणि तिसऱ्या दिवशी आई मला पाटीत घालून परत चालायला लागली. मला ते सगळं लख्ख माहीत आहे. कुठली बाभळ तेसुद्धा आईने एकदा दाखवलं होतं. पण ते त्याच्यासमोर तोंडातून निघेना. त्या बाभळीलाही हा रकाना विचारील, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

"दवाखान्याचा कागद?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"पुढची," तो म्हणाला.

त्याच दिवसापासून त्याच्या चहात साखर कमी पडायला लागली. आधी थोडी, मग बरीच. त्याने एकदा कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तसाच प्यायला. आजही मला त्याचं काही वाटत नाही.

एक महिना निम्म्यावर गेला, दुसराही तसाच. माझी लेक पूजा सांगलीला नर्सिंगला आहे. तिच्या परीक्षेची फी भरायची होती. भरली नाही तर बसू देणार नव्हते, वर्ष जाणार होतं. खोलीचं भाडं देऊन हातात जे उरलं त्यात ती बसत नव्हती. भावाला फोन केला, तो मेंढरं घेऊन लांब होता, त्याच्याकडेही काही नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त मंगलला सांगितलं, आणि मंगलला सांगितलेलं राहतं का? ती सरळ त्याच्या टेबलाशी गेली.

"सर, तुमच्या त्या रेघंपायी आक्काच्या पोरीचं वरीस बुडतंय. परवा शेवटची तारीख हाय."

"पुढचा परवा ना?" तो म्हणाला.

मी भिंतीआड होते. मला वाटलं जमीन फाटावी. माझी गरज त्याच्यापुढे मांडलेली मला सोसवेना. थोड्या वेळाने कप आणायला गेले तर बशीखाली पाकीट. मी ते तसंच ठेवून निघाले, तर म्हणाला, "मावशी, उचला. मदत नाही, उसने आहेत. परत करायचे."

ज्याने माझा पगार अडवला, त्याच्याकडूनच मी उसने घ्यायचे! त्याला काही वाटलं नाही. त्याच्या हिशोबात पगार वेगळा आणि उसने वेगळे, जसं त्याचं साठवायचं वेगळं आणि दाखवायचं वेगळं. मला पाकीट त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. पण डोळ्यांपुढे पूजा आली. मी पाकीट उचललं, कपाबरोबर ट्रेमध्ये ठेवलं आणि आत आले. आभार मानले नाहीत. माझ्या आयुष्यात मला एवढं लहान कधी वाटलं नव्हतं, मेंढरांमागे अनवाणी फिरले तेव्हाही नाही.

फी भरली. पूजाने फोनवर विचारलं, "कुणी दिले गं?" मी म्हटलं, "ऑफिसातनं." ती म्हणाली, "चांगली माणसं हायत तुमच्यातली." मी फोन ठेवला.

याच दिवसांत त्याचे वडील आले. सांगलीहून एसटीने, हातात भडंगाची पिशवी. साधे, उंच, पँटच्या वर सदरा सोडलेला. मुलगा बाहेर गेला होता म्हणून मी त्यांना चहाच्या खोलीत स्टुलावर बसवलं. प्राथमिक शाळेत गुरुजी होते, रिटायर झालेले. माझी बोली ऐकून त्यांनी गाव विचारलं. जत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"मी नोकरीची पहिली वर्षं तिकडंच काढली. तुमच्या गावात नाही, आणखी खाली, कर्नाटकाच्या कडेला. अर्धी पोरं कन्नड बोलायची. हुट्टिद दिना, म्हणजे जन्माचा दिवस, कधी म्हणून विचारलं की आया तोंडाला पदर लावून हसायच्या."

त्यांच्यापुढे मला बोलता आलं. मुलाने काय केलं ते मी सांगितलं. हळूच सांगितलं, पण सगळं सांगितलं. गुरुजींनी भडंगाची पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मीही लिहिल्यात एक जून," ते म्हणाले. "पोराला म्हणायचो, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षांचं झालं. शाळा जूनला उघडायची, म्हणून एक जून. कागद मागत बसलो असतो तर एक पोर वर्गात बसलं नसतं."

तेवढ्यात तो आला. वडिलांना टेबलाकडे घेऊन गेला. मी भांडी घासायला घेतली, आणि भिंतीपलीकडे आवाज चढत गेले.

"बायकांचा पगार का अडवलास?" गुरुजी म्हणाले.

"पगार मी नाही अडवला. तारीख खोटी आहे."

"त्यांनी नाही लिहिली ती. आमच्यासारख्यांनी लिहिली."

"माहीत आहे कुणी लिहिली! माझी कुणी लिहिली?"

तो बोलतच राहिला. त्याचा जन्म सप्टेंबरचा, सांगलीच्या दवाखान्यातला. पण जूनमध्ये सहा पूर्ण नव्हती, म्हणून वडिलांनी स्वतःच्या शाळेत एक जून लावून त्याला वर्षभर आधी पहिलीत बसवलं. "वर्गात सगळ्यात लहान मी. सगळ्यांच्या हातचा मार मी खाल्ला. पुण्यात गेलो तर हॉस्टेलवर एक जूनला मुद्दाम केक आणायचे. गावठी तारीख म्हणायचे. घरात मास्तर असून तुझी पण एक जून का रे, म्हणून विचारायचे. काय सांगायचं होतं मी?"

"तू हुशार होतास," गुरुजी म्हणाले. "वर्ष कशाला घालवायचं, असं वाटलं."

"तुम्ही सोय बघितली."

"होय, सोयच बघितली. तुझीही आणि त्यांचीही. तुझ्याकडे दवाखान्याचा कागद होता, तू बदलून घेतलीस. त्यांनी काय बदलावं?"

गुरुजी जेवायला न थांबता गेले. भडंगाची पिशवी माझ्याकडेच राहिली. ती मी बायकांत वाटून टाकली, त्याला दिली नाही.

त्या दिवशी मला त्याचं कोडं उलगडलं. एक जूनचा त्याला एवढा राग का, ते कळलं. कुणी म्हणेल, मग तुझा राग निवळला असेल. नाही निवळला. उलट वाढला. त्याचं दुःख खरं होतं, पण त्याने ते आमच्या पगारातून वसूल केलं. त्याच्या आईला दवाखाना मिळाला, माझ्या आईला बाभळ. त्यात माझ्या आईचं काय चुकलं? टीव्हीवर त्याच्या नावापुढे सप्टेंबरची तारीख झळकत होती आणि पगाराची चिठ्ठी निघालेली होती. तो रोज त्या पानाकडे बघायचा. त्याला लाज वाटली नाही.

सुटका झाली ती सुभेदार आबांमुळे. एका सकाळी मालाचा ट्रक फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय, आणि आबा खुर्चीत पाय पसरून बसलेले. आम्ही सगळ्या हॉलच्या दारात जमलो.

"आबा, फाटक उघडा की!" आतून कुणीतरी ओरडलं.

"कोन उगडनार?" आबा म्हणाले. "हितं कोन हाय?"

ट्रकच्या मागे मालकांची गाडी अडकली. मालक उतरून चालत आले. तेव्हा आबा उठले, टाचा जुळवल्या, कडक सलाम ठोकला.

"साहेब, हुकूम असंल तर जीव दीन. पर फाटक उगडायचं जमनार न्हाई. आत टीव्हीवर बगा. माज्या म्होरं रेघ हाय. माजा जल्मच झालेला न्हाई. जल्म न झालेल्या मानसानं फाटक उगडलं आन् उद्या काय इपरीत झालं, तर जिम्मेदारी कुनाची?"

मालकांना आधी हसू आलं. मग त्यांनी दारात उभ्या राहिलेल्या आम्हा बायकांकडे बघितलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी त्याला तिथेच बोलावलं.

"शैलेश, माझी जन्मतारीख टाकलीस का पानावर?"

"नाही सर, तुमची नाही टाकली."

"टाकली असतीस तर माझ्याही पुढे रेघच आली असती. मीही एक जूनचाच."

त्याच्या ओठांवर शब्द आला तो आम्हाला सगळ्यांना दिसला. पण खोटी म्हणायला मालकापुढे जीभ वळेना. तो एवढंच म्हणाला, "सर, रेकॉर्ड शुद्ध..."

"आधारवर काय आहे ते दाखव. तुझं पान दाखवायचं काम करतं ना? मग आहे ते दाखवायचं. आणि सगळ्यांचे राहिलेले पगार आजच्या आज काढ."

आबांनी फाटक उघडलं. उघडताना स्वतःच्या छातीवर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "झाला बगा ह्या बाळ्याचा जल्म!" मंगलने तोंडाने पिपाणी वाजवली.

तो आत आला, टेबलाशी बसला. मी त्याला चहा नेऊन दिला तेव्हा पडद्यावर इंग्रजी ओळी होत्या. त्याने त्यातली एक ओळ काळी केली आणि एक बटण दाबलं. ओळ गेली. हॉलमधून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला, टीव्हीवर तारखा आल्या होत्या. आमचे दोन महिने त्या एका ओळीत अडकले होते, आणि ती पुसायला त्याला चहा गार होण्याएवढाही वेळ लागला नाही.

मोठ्या कंपनीची माणसं आली, कागद बघितले, गेली. एक जूनबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला पुण्यात नोकरी लागली असं कळलं. निरोपाचा समोसा मागवला होता. बायकांनी समोसा खाल्ला, त्याच्याशी कुणी फार बोललं नाही. लोणंदची ती म्हातारी तेवढी म्हणाली, "जा बाबा, सुखी ऱ्हा." तिचं मन मोठं आहे. माझं नाही.

राहिलेला पगार खात्यावर आला त्याच दुपारी मी बँकेत जाऊन आले होते. पण नेमका तो दोन दिवस सांगलीला होता, आणि परत आल्यावर त्याच्या टेबलाशी सारखं कुणीतरी असायचं. म्हणून शेवटच्या दिवशी, तो टेबलाचे खण रिकामे करत असताना, मी गेले. पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवलं.

त्याने बघितलं आणि ओळखलं. "राहू द्या मावशी. मुलीला पुस्तकं घ्या त्यातून."

आत्तापर्यंत मी त्याला 'हो सर', 'नाही सर' यापलीकडे काही बोलले नव्हते.

"न्हाई," मी म्हटलं. "मोजून घ्या."

"अहो, बरोबरच असतील."

"अंदाज नगं. मोजा."

मग त्याने पाकीट उघडलं, नोटा बाहेर काढल्या आणि मोजायला लागला. बोटं नेहमीसारखी चालत नव्हती. मधेच चुकला, परत पहिल्यापासून सुरू केलं. मी टेबलासमोर उभी राहिले. शेवटची नोट होईपर्यंत मी मान खाली घातली नाही.

"बरोबर आहेत," तो म्हणाला. "पूर्ण आले."

"आलं न्हवं? मग फिटलं," मी म्हटलं, आणि त्याचा कप उचलून आत आले.